नाक कोण खाजवणार? दिव्यांग निधी ठरवणाऱ्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या सगळ्यांना खुलं पत्र

नमस्कार,

जिल्हा परिषदेतले साहेब, महापालिकेतल्या मॅडम, नगरपालिकेतले अधिकारी, गावोगावचे सरपंच आणि ग्रामसेवक, म्हणजे ज्यांच्या सहीनं दिव्यांगांचा 5 टक्के निधी खर्च होतो त्या सगळ्यांना हे पत्र. कुठल्या एका ऑफिसचं नाव घेत नाही, कारण एकाचं घेतलं की बाकीचे निवांत होतात, आणि मला कुणालाच निवांत होऊ द्यायचं नाहीये.

विषय माकडाचा आहे. हसू नका, पुढं वाचा.

आपल्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जुना व्हिडिओ परत फिरायला लागलाय. व्हीलचेअरवर बसलेला एक परदेशी माणूस, मानेखाली काही हलत नाही, आणि मांडीवर एवढंसं तपकिरी माकड. ते माकड जाऊन पाण्याची बाटली आणतंय, झाकण फिरवून काढतंय, आत स्ट्रॉ घालतंय आणि बाटली माणसाच्या तोंडाजवळ सरकवतंय. खाली कमेंटचा पाऊस, लई भारी, नादखुळा, माणसापेक्षा जनावर बरं वगैरे. माझ्या धाकट्या भावाच्या मानेच्या मणक्याला मार बसलाय, तो पण असाच खुर्चीत असतो, त्यामुळं जिल्ह्यातल्या झाडून सगळ्या पाहुण्यांनी हा व्हिडिओ मला पाठवलाय. इथपर्यंत ठीक होतं. पण परवा एका कार्यक्रमात, जिथं दिव्यांगांना साहित्यवाटप होतं, तिथं स्टेजवरच्या एका पुढाऱ्यांनी माईकवर सांगितलं की बाहेरच्या देशात बघा माकडं माणसाची सेवा करतात, आपल्याकडं काय माकडं कमी हायत का, पन्हाळ्यावरनं चार धरून आणू आणि शिकवू. टाळ्या पडल्या. खुर्च्यांवर बसलेले दिव्यांग पण हसले, कारण हसावंच लागतं, पुढं सायकल घ्यायची असते.

तर मी म्हटलं, हा विषय निघालाच आहे तर नीट निघू दे. त्या व्हिडिओत माकड दिसतं, माकडाला शिकवणारी माणसं दिसत नाहीत. मला तुमच्याशी त्या माणसांबद्दल बोलायचंय.

अमेरिकेत बोस्टनला 1979 साली डॉ. मेरी जोन विलार्ड नावाच्या बाईंनी हे सुरू केलं. मानसशास्त्र शिकलेल्या, बी. एफ. स्किनर यांच्याबरोबर काम केलेल्या. स्किनर म्हणजे ज्यांनी कबुतरांना पिंगपाँग खेळायला शिकवलं होतं ते. जनावरानं योग्य दिशेनं एवढंसं पाऊल टाकलं की लगेच खाऊ द्यायचा, मग पुढचं पाऊल, मग पुढचं, ही त्यांची पद्धत. विलार्ड बाई हॉस्पिटलच्या पुनर्वसन विभागात काम करायच्या आणि तिथं मान मोडलेली तरुण पोरं बघायच्या. आता इथं थांबा जरा. त्या पोरांना डॉक्टर होते, नर्स होत्या, खुर्च्या होत्या, विम्याचे पैसे होते. तरी अडायचं कुठं? तर दुपारी खोलीत एकटं असताना हातातली काठी पडली, आता संध्याकाळपर्यंत काही करता येत नाही, इथं. एवढ्याशा कामासाठी दिवसभर माणूस ठेवणं परवडत नाही आणि माणूस नसला तर दिवस जात नाही. ही जी मधली फट आहे ना, ती त्या बाईंना दिसली. माकड नंतर आलं. आधी फट दिसली.

त्यांनी जे माकड निवडलं ते आपल्याकडचं नाहीच. कॅपुचिन म्हणतात त्याला, दक्षिण अमेरिकेतलं, वजन दोन-चार किलो, हाताची बोटं अतिशय नाजूक आणि डोकं भयंकर चलाख. ब्राझीलच्या जंगलात या जातभाईंतली काही माकडं दगडावर फळ ठेवून वरून दुसरा दगड मारून फोडतात. पहिलं माकड एका तरुणाच्या घरी गेलं, त्याचं नाव हेलियन. हेलियन म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर वांड कार्टं. हे वांड कार्टं त्या तरुणाचे केस विंचरायचं, चमच्यानं भरवायचं.

पुढं संस्था उभी राहिली, हेल्पिंग हँड्स नावाची, आणि शिकवायची पद्धत ठरत गेली. पिल्लू आधी कित्येक वर्षं एखाद्या स्वयंसेवक कुटुंबात वाढवायचं, म्हणजे त्याला माणसांची, घराची, भांड्यांच्या आवाजाची सवय होते. ते कुटुंब त्याला पोटच्या पोरागत वाढवणार आणि मग एके दिवशी संस्थेला परत देणार, त्यांचं काय होत असेल ते वेगळंच. मग बोस्टनच्या शाळेत, तिला ते चेष्टेनं मंकी कॉलेजच म्हणायचे, तिथं दोन-चार वर्षं ट्रेनिंग. सुरुवात अगदी छोट्या रिकाम्या खोलीत. एक ट्रेनर, एक माकड, एक वस्तू. रिकामी का, तर लक्ष दुसरीकडं जाऊ नये म्हणून. तिथं जमलं की मोठी खोली, तिथं व्हीलचेअर, मग खऱ्या घरासारखी मांडलेली खोली, सोफा, स्वयंपाकघर, दिव्याची बटणं. लेझरचा लाल ठिपका ज्या वस्तूवर पडेल ती वस्तू, आणि तोंडानं सांगितलेला शब्द म्हणजे त्या वस्तूचं काय करायचं ते. लेझर कुठं, तर खुर्चीवर तोंडाशी लावलेला, कारण मानेखाली काही हलत नसलेल्या माणसाला तेवढंच हलवता येतं. काम जमलं की शेंगदाण्याच्या बटरचं बोट नाहीतर मधाचा थेंब, आणि भरपूर कौतुक.

बाटलीचंच बघा. आपल्याला ते एक काम वाटतं. ट्रेनरला ती सात कामं दिसतात. बाटलीपाशी जाणं, बाटली उचलणं, न सांडता आणणं, खुर्चीच्या कप्प्यात सरळ ठेवणं, झाकण फिरवणं, स्ट्रॉ घालणं, स्ट्रॉ तोंडाकडं वळवणं. यातली एकेक पायरी शेकडो वेळा करून घ्यायची, आणि बऱ्याचदा शेवटची पायरी आधी शिकवायची म्हणजे खाऊ कुठं मिळतो ते माकडाला पक्कं कळतं. पुस्तकाचं पान उलटणं, पडलेला फोन उचलून परत छातीवर ठेवणं, खुर्चीच्या हातावरून घसरलेला हात उचलून परत जाग्यावर ठेवणं, गालावर खाजलं तर कापडाच्या तुकड्यानं घासणं. हे शेवटचं ज्यानं कुणी पहिल्यांदा यादीत घातलं ना, त्याच्या मी पाया पडायला तयार आहे. कारण त्यासाठी कुणीतरी एका लुळ्या पडलेल्या माणसाच्या शेजारी नुसतं बसून राहिलं असणार, बराच वेळ, आणि त्याला विचारलं असणार, तुला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो रे? आणि तो म्हणाला असणार, नाक खाजतं त्याचा.

आमच्या घरी हा प्रश्न विचारायला आजवर एकही सरकारी माणूस आला नाही.

माकड घरी पोचलं की काम संपत नव्हतं. कॅपुचिन कळपातलं जनावर, घरात मोठं कोण आणि खालचं कोण हे ते लगेच ठरवतं, आणि खुर्चीतला न हलणारा माणूस त्याच्या हिशेबात सगळ्यात खालचा. मग ट्रेनर त्या घरी मुक्काम करायचे आणि सगळा खाऊ, सगळं कौतुक त्या माणसाकडूनच मिळेल अशी व्यवस्था लावायचे, घरातल्या बाकीच्यांनी लांब राहायचं. हळूहळू माकडाला कळायचं की या घरात मालक हा. हे वाचलं तेव्हा मला आमच्या घरी येणारे लोक आठवले. भावाच्या समोर उभं राहून मला विचारतात, "ह्यांना चहा चालतो का?" अहो त्याला विचारा की. मान मोडलीय, तोंड शाबूत आहे.

आता दुसरी बाजू, कारण मी इथं माकडाची जाहिरात करायला बसलेली नाही.

चावू नये म्हणून या माकडांचे दात काढले जायचे. होय, काढून टाकले जायचे. जे जनावर चाळीस वर्षांपर्यंत जगतं त्याचे दात काढून, डायपर घालून, कळपापासून तोडून एका खोलीत ठेवायचं, आणि ते कितीही प्रेमानं केलं तरी प्रश्न उरतोच की त्याला विचारलं कुणी. अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या संघटनेनं या प्रकाराला पाठिंबा दिला नाही, माकडाचे हाल होतात, माणसाला इजा होऊ शकते, रोग इकडून तिकडं जातात ही त्यांची कारणं. 2011 च्या मार्चपासून तिथल्या अपंग हक्क कायद्याच्या नियमांत सेवा करणारं जनावर म्हणजे कुत्राच असं ठरलं, छोट्या घोड्यासाठी वेगळी तरतूद ठेवली, माकड बाहेर. आणि 2021 च्या सुमारास त्या संस्थेनंच नवीन माकडं द्यायचं थांबवलं, नाव बदलून एन्व्हिजनिंग ॲक्सेस केलं आणि यंत्रांकडं वळली. आवाजावर चालणारे दिवे, पंखे, दारं, तोंडानं चालणारे फोन. म्हणजे चाळीस वर्षं माकड शिकवून झाल्यावर त्यांनी माकड बाजूला ठेवलं आणि यादी तेवढी जवळ ठेवली. तुमच्याकडं मी मागतेय ती पण तीच यादी.

एक गोष्ट अजून कुणी सांगत नाही. माकड कधीच माणसाच्या जागी नव्हतं. अंघोळ, कपडे, उचलून खुर्चीत बसवणं, कॅथेटर, रात्री कूस बदलणं, हे सगळं माणूसच करायचा. उलट माकडाचा पिंजरा धुवायला, त्याला अंघोळ घालायला सुद्धा माणूसच लागायचा. तेव्हा माकड आलं की मदतनिसाचा खर्च वाचला असं स्टेजवरून सांगणाऱ्यांनी आधी हे ऐकावं.

आणि आपल्याकडचा कायदा. माकड, अस्वल, वाघ, बिबट्या, सिंह यांना शिकवून खेळ करण्यावर केंद्र सरकारनं 1998 साली बंदी घातली आणि 2001 साली सुप्रीम कोर्टानं ती कायम केली. रानातलं माकड धरून आणू म्हणणाऱ्या पुढाऱ्यांच्या मागं वनखातं लागलं तर मला बोलावू नका. आपल्या लहानपणी पेठेत डमरू वाजला की पोरं धावायची, माकडीण डोक्यावर पदर घेऊन रुसून बसायची, मदारी विचारायचा सासरी कशी जाशील, आणि ती काठी खांद्यावर टाकून ठुमकत चालायची. ते बंद झालं ते बरंच झालं, त्या दोरीचा आणि काठीचा काच आपल्याला तेव्हा दिसत नव्हता. पण एक सांगते, खेळ बंद केला आणि ज्या माणसांचं पोट त्यावर होतं त्यांच्या हातात दुसरं काय दिलं, हे विचारायला कुणी गेलं नाही. तुमच्याच खात्याशेजारच्या खात्याची गोष्ट आहे ही.

जनावरं शिकवण्यात कोल्हापूर कुणाला हार जाणारं नाही खरंतर. शाहू महाराजांच्या काळात इथं शिकारीचे चित्ते होते, त्यांचा चित्तेखाना होता, चित्त्याच्या डोळ्यावर टोपी घालून त्याला गाडीतून माळावर नेणारी, त्याच्याशेजारी झोपणारी माणसं होती. हत्तींची साठमारी, म्हणजे हत्तीला हुलकावण्या देत खेळायचा खेळ, होती. आणि 2025 च्या जुलैमध्ये नांदणी मठाची महादेवी हत्तीण गुजरातला नेली तेव्हा अख्खा जिल्हा रस्त्यावर उतरला ते तुम्ही पाहिलंच आहे, तुमच्यातले काही जण त्या मोर्चात होते पण. मी त्याला नावं ठेवत नाही. जनावरासाठी रडणारं गाव चांगलंच असतं. फक्त त्यातली थोडी माया आमच्या गल्लीत पण वळवा असं म्हणणं आहे.

परदेशातल्या अजून एका माकडाची गोष्ट सांगते, मग तुमच्याकडं येते. दक्षिण आफ्रिकेत युटनहेग स्टेशनावर 1880 च्या दशकात एक सिग्नलवाला होता, अपघातात दोन्ही पाय गेलेले. त्यानं जॅक नावाचा बबून विकत घेतला, तो जॅक मालकाला ट्रॉलीवर बसवून ढकलत कामावर न्यायचा आणि पुढं सिग्नलचे खटके पण ओढायला शिकला. प्रवाशांची तक्रार आल्यावर रेल्वेच्या साहेबांनी त्याची परीक्षा घेतली आणि पास झाल्यावर त्याला ठेवून घेतलं असं सांगतात. मला या गोष्टीत जॅकपेक्षा ते साहेब आवडतात. तक्रार आली तर ऑफिसात बसून फाईल बंद केली नाही, जाऊन बघितलं.

आता तुमच्या निधीकडं.

स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. राज्यानं डिसेंबर 2022 मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग सुद्धा काढला. कागदावर आपण कुणाच्या मागं नाही. पण खर्च होतो कसा? मार्च जवळ आला की धावपळ, एकदम खरेदी, तीनचाकी सायकली, कुबड्या, घडीच्या व्हीलचेअर, एकाच मापाच्या, आणि मंडपात वाटप. माझ्या भावाला पण तीनचाकी मिळाली. हातानं पॅडल मारायची. ज्याच्या हाताची बोटं मिटत नाहीत, त्याला. ती देताना फोटो काढला, मी हँडल धरून उभी आहे आणि तो खुर्चीत, दोघांच्या मध्ये हार घातलेली सायकल. नवरदेवाशिवाय निघालेल्या वरातीच्या घोड्यागत ती आमच्या दारात उभी आहे, तुळशीशेजारी, आणि शेजारची पोरं तिच्यावर खेळतात. पोरांचं बरं झालं.

त्याचा दिवस कसा जातो ते सांगते, कारण तुम्ही यादी करायला येईपर्यंत तेवढं तरी तुमच्याकडं असू दे.

खांदा हलतो, कोपर वाकतं, पण सरळ करता येत नाही, मनगट आणि बोटं नाहीत. पंजाला एक पट्टा बांधलाय, चपलेच्या चामड्याचाच, इथल्याच एका कारागिरानं शिवून दिला, त्यात चमचा किंवा रबरी टोकाची काठी अडकते. त्या काठीनं तो फोन चालवतो, आणि काय चालवतो म्हणता, आमच्या सगळ्या भावकीची लाईट बिलं, गॅस, पोरांचे फॉर्म तोच भरतो. पण काठी पट्ट्यातून निसटून खाली पडली की खेळ खलास. आई रेशनला गेलेली असली, मी कामावर असले, की ती काठी जमिनीवर आणि हा वर, दोघं एकमेकांकडं बघत. पंख्याचा वारा जास्त झाला, बंद करता येत नाही. डास बसला, बसलेला दिसतो, उडवता येत नाही. नाक खाजलं की तो खांद्यावर घासायचा प्रयत्न करतो, खांदा पोचत नाही.

आणि ह्या बारीकसारीक गोष्टी वाटतात त्या सगळ्याच बारीक नसतात. युरिन बॅगची नळी खुर्चीच्या चाकात नाहीतर मांडीखाली मुरगळली की लघवी तुंबते, आणि मान किंवा छातीच्या वरच्या भागातला मणका मोडलेल्या माणसाचं बीपी त्यामुळं एकदम वर जातं. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, घाम सुटतो. वेळेत नळी सरळ केली तर काही मिनिटांत उतरतं. नाही केली तर झटका, मेंदूत रक्तस्राव, काहीही होऊ शकतं. नळी सरळ करणं हे दोन बोटांचं काम आहे. ती दोन बोटं त्या वेळी खोलीत असावी लागतात आणि त्या बोटांच्या मालकाला हे माहीत असावं लागतं. कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर बेडसोअर. एअर बेड वीज गेली की सपाट. हे कुठल्या मंडपात वाटता येत नाही, मला मान्य आहे. म्हणूनच पत्र लिहितेय.

कायद्यात याची जागा आहे, नाही असं नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी कलम 38 आहे, त्यात माणसानं अर्ज करायचा आणि मंडळानं त्याची गरज तपासायची असं म्हटलंय. कलम 24 मध्ये अशांसाठी मदतनिसाच्या भत्त्याचा उल्लेख आहे. मी हे एका ऑफिसात विचारलं तर तिथल्या क्लार्कनं मला संजय गांधी निराधारचा फॉर्म दिला. तो आम्ही आधीच भरलाय हो. टक्केवारी किती, एवढंच सगळे विचारतात. युडीआयडी कार्डावर, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रावर, टक्के आहेत, गरज नाही. एक पाय नसलेला माणूस आणि मान मोडलेला माणूस, दोघांना एकाच रांगेत उभं करून एकच वस्तू द्यायची, आणि त्यातला एक तर उभा पण राहू शकत नाही.

तेव्हा माझं म्हणणं असं आहे. यंदाच्या खरेदीची निविदा काढायच्या आधी, ज्यांना हातपाय दोन्हीचा त्रास आहे अशांच्या घरी एक माणूस पाठवा. नुसता फॉर्म घेऊन नको, अर्धा दिवस बसायला. आशाताईंच्या डोक्यावर आणि एक काम टाका असं मी म्हणत नाही, त्यांच्यावर आधीच काय कमी आहे. फिजिओथेरपी किंवा ऑक्युपेशनल थेरपी शिकणारी पोरं-पोरी जिल्ह्यात आहेत, त्यांना प्रवासखर्च आणि मानधन द्या. त्यांनी त्या माणसाला विचारायचं, घरच्यांना नंतर, की दिवसात तुझं कुठं कुठं अडतं. आणि ते लिहून आणायचं, अगदी नाक खाजण्यापर्यंत. बोस्टनवाल्यांनी जशी बाटलीची सहा-सात कामं केली तशी प्रत्येक अडचणीची पायऱ्यांत फोड करायची. कुठली पायरी वस्तूनं सुटते, कुठली यंत्रानं, कुठलीला माणूसच लागतो.

तुम्ही चकित व्हाल किती गोष्टी स्वस्तात सुटतात. काठीला दोरी बांधून ती खुर्चीला अडकवली की पडली तरी ओढून घेता येते, हे माझ्या भावानंच शोधलं, फुकटात. पंखा आणि दिवा आवाजावर चालवायला लागणारे प्लग आता सायकलीच्या किमतीच्या मानानं काहीच नाहीत. अँड्रॉइड फोन 2021 पासून चेहऱ्याच्या हालचालींवर चालवायची सोय आलीय, भुवया वर केल्या की पुढचं बटण, तोंड उघडलं की दाबलं, ते सेट करून द्यायला फक्त एक जाणता माणूस लागतो एक दुपार. खुर्चीला जोडायचा फोनचा स्टँड, पाण्याची लांब नळी, पंजाचे पट्टे, हे आपल्या उद्यमनगरात आणि चप्पल लाईनला बनवून घेता येईल, मशीनचा सुटा भाग दाखवला की तसाच पाडून देणारी माणसं आहेत आपल्याकडं, त्यांना माप द्या फक्त. पण प्रत्येकाचं माप वेगळं असणार आणि निविदेत ते बसत नाही, हे मला कळतं. निविदेचा नमुना बदलता येतो. मान नाही बदलता येत.

आणि माणसाचं काय. मदतनीस. दवाखान्यात ज्यांना आपण मामा आणि मावशी म्हणतो, घरी ठेवले तर ब्रदर, नाहीतर सरळ आई, बायको, बहीण, फुकट. आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वसन परिषदेचा, केअरगिव्हिंगचा सर्टिफिकेट कोर्स आहे, तो जिल्ह्यात चालवून निधीतून तरुण पोरापोरींना शिकवा आणि तासावर पाठवा, सकाळी दोन तास, दुपारी एक चक्कर. नळी मुरगळली तर काय होतं हे माहीत असलेला माणूस दुपारी एकदा येऊन गेला तरी माझी आई रेशनच्या रांगेत जिवाला घोर न लावता उभी राहील. माकडावर दोन-चार वर्षं मेहनत घेणारे लोक जगात निघाले, तर माणसाला नीट शिकवून त्याला नीट पगार द्यायला आपल्याला जड का जावं? जनावराला मधाचा थेंब आणि माणसाला "सेवा आहे हो, पैसे काय मागता", हा कुठला न्याय?

आपल्याच कोल्हापुरात 1984 साली नसीमादीदी हुरजूक यांनी, स्वतः व्हीलचेअरवर असताना, हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड उभी केली. त्यांना विचारायला बोस्टनला जावं लागलं नाही, कुठं अडतं ते त्यांना खुर्चीत बसूनच माहीत होतं. तुमच्या निधीच्या बैठकीत अशी खुर्चीत बसणारी माणसं किती असतात? ज्या बैठकीला आम्ही गेलो होतो ती पहिल्या मजल्यावर होती आणि लिफ्ट बंद होती. भाऊ खाली पार्किंगमध्ये थांबला, मी वर जाऊन त्याच्या वतीनं बोलले, आणि इतिवृत्तात लिहिलं गेलं की दिव्यांगांशी चर्चा केली.

पुढची बैठक तळमजल्यावर घ्या, हे एक तर या आठवड्यात होण्यासारखं आहे, त्याला जीआर लागत नाही. बाकीच्यासाठी आमच्या घरी या. सायकल पण परत न्या येताना टेम्पो घेऊन, वडगावच्या एका ताईंचे हात चांगले आहेत, पाय नाहीत, त्यांना ती पाहिजे आहे आणि त्या यादीत बसल्या नाहीत म्हणे. यायच्या आधी फोन करा, पण फोन माझ्या भावाला करा, मला नको. तो उचलायला थोडा वेळ घेतो, दोन-तीन रिंग जास्त वाजू द्यात, काठी जाग्यावर यायला लागते.

आपली,
शिवाजी पेठेतली एक बहीण